‘पदरी घेणे’ : पापनिवेदनाचा एक जुना शब्दप्रयोग

भोर-वेल्हे परिसरात जुने रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंडखोरे, गुंजण मावळ इत्यादी मावळांचा मुलूख येतो. सतराव्या शतकात येथील वतनाचे तंटे व जातिधर्माचे दोष गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार यांच्या साक्षीने निवाडा होई व त्याचा महजर लिहिला जाई. दोषी ठरलेल्यावर राजदंड व गोतदंड बसे. धर्मदोष असल्यास ब्राह्मणांकडून प्रायश्चित्त घेतल्यावरच त्याला पंक्तीत बसता येई.

आज ‘प्रायश्चित्त’ म्हणताच पश्चात्ताप आठवतो. मूळ अर्थ तसा नाही. यज्ञात हवि सांडला, भांडे फुटले, तर करावयाची दुरुस्ती म्हणजे ब्राह्मणग्रंथांतील ‘प्रायश्चित्ति’. तीत मनाच्या टोचणीचा प्रश्नच नव्हता. ‘प्राय’ म्हणजे तप व ‘चित्त’ म्हणजे निश्चय ही निबंधकारांची फोड प्रसिद्ध आहे, पण ती अर्थ पालटल्यावर बसविलेली दिसते. पापाचा उच्चार ही गोष्ट निराळी. वरुणप्रघास पर्वात यजमानपत्नीला तिच्या परपुरुषसंबंधाविषयी ऋत्विज सर्वांसमक्ष विचारतो. शतपथ ब्राह्मणाने त्याचे दिलेले कारण मार्मिक आहे: बोललेले पाप सत्य होते, म्हणून ते उणावते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापमुक्तीच्या उपायांत ‘ख्यापन’, म्हणजे पाप उघड सांगणे, आधी येते.

या ख्यापनाला मराठीत सर्वांत जवळचा प्रयोग ‘पदरी घेणे’ हा होय. दान पदरात घेतात, ओटीही पदरात, दोषही तसाच. मात्र ‘पदरी पडणे’ व ‘पदरी घेणे’ यांत भेद आहे. साक्षीपुराव्याने दोष पदरी पडतो, तेथे दोषी माणसाच्या इच्छेला स्थान नाही. घेताना तो स्वतः पदर पुढे करतो. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी पापाच्या कबुलीसाठी हाच प्रयोग योजला, तो यथार्थच. गोव्यातील कॅथलिकांच्या कोकणीत पोर्तुगीजवरून आलेला ‘कुमसार’ रूढ झाला. पण तो एकट्या धर्मगुरूच्या कानी, तर गोतापुढील कबुली चारचौघांदेखत. लोकांस ठाऊक नसलेल्या पापासाठी धर्मशास्त्राने ‘रहस्यप्रायश्चित्त’ सांगितले असून ते सभेपुढे न जाता घेता येई. तेव्हा सभेतील ख्यापनाचा संबंध पापापेक्षा त्याच्या बोभाट्याशी अधिक होता, असे म्हणावे लागते.

गोताने माणूस वाळीत टाकणे महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरले. प्रयोग मात्र टिकला, आणि त्यातील पदर बदलला. ‘चूकभूल पदरात घ्यावी’ असे आपण लिहितो, तेव्हा चूक आपली असते व पदर क्षमा करणाऱ्याचा.