बेटावरचे उघडे दार

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

बेळगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला बेट म्हटले की माडांची रांग आणि निवांतपणा एवढेच डोळ्यांपुढे येते. चारी बाजूंनी पाणी, मोजके उंबरे, सगळी माणसे एकमेकांच्या ओळखीची. तेथे चोर येणार कोठून आणि आलाच तर पळणार कोठे, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब बराचसा बरोबर आहे. परंतु त्यात दोन-तीन रकमा धरायच्या राहून जातात. त्या कोणत्या, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने या लेखात पाहावयाचे आहे.

आरंभी शब्दाचाच विचार करू. मराठीत आपण 'घरफोडी' म्हणतो. म्हणजे काहीतरी फोडले गेले पाहिजे, मग ते कुलूप असो, कडी असो वा भिंत असो. कन्नड वर्तमानपत्रांत याच बातमीवर 'मनेगळ्ळतन' असा मथळा असतो. म्हणजे घरातली चोरी. एका भाषेने मोडतोडीवर बोट ठेवले, दुसरीने चोरीवर. हा फरक केवळ शब्दांचा नाही. पुढे विम्याचा विषय निघेल तेव्हा याच फरकावर पैसे मिळणे न मिळणे अवलंबून असते, हे दिसून येईल.

चोरी केव्हा होते, यासंबंधी लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधा विचार मांडला. तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळून याव्या लागतात. एक, चोरीची इच्छा असलेला माणूस. दोन, उचलण्याजोगी वस्तू. आणि तीन, राखणदाराचा अभाव. राखणदार म्हणजे पोलीसच असे नव्हे. ओट्यावर बसून तांदूळ निवडणारी आजीसुद्धा राखणदारच. या तीनांपैकी एक जरी काढून घेतले तरी चोरी टळते.

आता हा विचार बेटाला लावून पाहू. बेटावर वस्तू असतात आणि मोहही माणसाला सर्वत्र सारखाच असतो. बेटाचे बळ आहे ते तिसऱ्या गोष्टीत. तेथे प्रत्येक डोळा राखणदार असतो. शिवाय चोरलेली वस्तू बेटावर वापरता येत नाही, कारण ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक. आणि बाहेर न्यायची तर धक्क्यावरूनच न्यावी लागते. म्हणजे बेटाला कुलूप नसले तरी एकच दरवाजा असतो, आणि त्या दरवाजावर सदैव कोणीतरी उभे असते.

याचे एक बोलके उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे कॅना नावाचे सुमारे सात किलोमीटर लांबीचे बेट आहे. २०१५ साली तेथे अवघी २६ माणसे राहत होती. बेटावर पोलीस नाही. गावकऱ्यांनी मिळून चालविलेले एक लहानसे दुकान आहे. त्या काळी ते रात्रीही उघडे ठेवीत, कारण धक्क्याला लागणाऱ्या मासेमारी बोटींवरील लोकांना अवेळी सामान मिळावे व वाय-फायची सोय व्हावी. दुकानात कोणी बसत नसे. लागेल ते घ्यावे आणि पैसे पेटीत टाकावेत, असा रिवाज. जून २०१५ मध्ये एका रात्री कोणीतरी आत शिरून चॉकलेटे, बिस्किटे, कॉफी, बॅटऱ्या, साबण-शांपूसारख्या वस्तू आणि हाताने विणलेल्या सहा लोकरी टोप्या उचलून नेल्या. एकंदर नुकसान सुमारे २०० पौंडांचे. एवढ्याशा चोरीची बातमी जगभर छापून आली, कारण त्यापूर्वीची चोरी १९६०च्या दशकातली, चर्चमधील एका कोरीव लाकडी थाळीची, असे गावकरी सांगत होते.

येथे काय घडले ते नीट पाहावे. बेटावरची माणसे बदलली नव्हती. परंतु त्या दुकानात रात्री राखणदार नव्हता, आणि समुद्रावरून येणाऱ्याला गावाची नजर चुकवून धक्क्याला लागणे शक्य होते. पाणी हा तट आहे, तसाच तो रस्ताही आहे. पंचवीस-तीस माणसांमध्ये जो विश्वास चालतो, तो ओळखीवर चालतो. अनोळखी माणसाला त्याच विश्वासाने दार उघडे ठेवणे म्हणजे तारण न घेता कर्ज देण्यासारखे आहे. बहुतेक कर्जे फिटतात, एखादे बुडते.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर गोव्यातील दिवाडी बेटाचे घेता येईल. मांडवीच्या पात्रातले हे बेट जुन्या गोव्यासमोर आहे आणि फेरीबोटीने तेथे जावे लागते. माझी मावशी तेथे दिलेली आहे. ती सांगते की फेरीवरच्या खलाशांना कोणाची स्कूटर कोणती आणि कोणाच्या घरी आज पाहुणे आहेत, हेसुद्धा ठाऊक असते. अनोळखी माणूस उतरला की "कोणाकडे आलात?" हा प्रश्न ठरलेला. शहरातल्या माणसाला ही चौकशी नको वाटते; पण बेटाचा पहारा तो हाच.

मात्र दिवाडीत फिरताना दुसरी गोष्टही दिसते. कित्येक मोठी, जुनी घरे बंद आहेत. मालक आखातात, पोर्तुगालात किंवा इंग्लंडमध्ये. घरी कोणी म्हातारे माणूस असले तर असले. म्हणजे वस्तू आहेत, पण राखणदार परदेशी. शेजारचेही घर बंद असेल तर आजीचा तो डोळाही गेला. रात्री काही घडलेच तर पोलीस ठाणे नदीपलीकडे जुन्या गोव्यात. जे पाणी चोराला अडविते तेच मदतीलाही अडविते. बेट असुरक्षित होते ते चोर वाढल्याने नव्हे, तर माणसे कमी झाल्याने.

आता विम्याकडे वळू. पुष्कळांची समजूत असते की घराचा विमा उतरविला म्हणजे चोरीचीही काळजी मिटली. तसे नाही. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, वादळ, भूकंप अशा संकटांसाठी आहे. चोरीची भरपाई तीत मिळते ती अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि त्यातही 'बळजोरीने प्रवेश' ही अट सर्वसाधारणपणे असते. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पॉलिसीत अशी व्याख्या असेल तर बळाचा वापर न होता झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. फौजदारी कायदा मात्र येथे अधिक उदार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग दार फोडलेले असो वा उघडे असो.

तात्पर्य असे की कायदा 'मनेगळ्ळतन' पाहतो, आणि विमा 'घरफोडी' पाहतो. बेटावर जो विश्वासाने दार लोटून झोपतो, त्याची वस्तू गेली तर चोराला शिक्षा होईल, पण त्याला रुपया मिळेल याची खात्री नाही. ज्या विश्वासामुळे इतकी वर्षे कुलपाचा खर्च वाचला, त्याच विश्वासाची विम्याच्या वहीत नोंद नसते. बंद घराची अडचण आणखी वेगळी. घर ठराविक दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिले आणि कंपनीला कळविले नाही, तर संरक्षण थांबते, असे कलम अनेक पॉलिसींत असते. परदेशी असलेल्या मालकाने ते आधी वाचावे.

येथवर चोर बाहेरचा धरला. तो आपल्यातलाच असेल तर? लहान बेटाचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. जेथे रोज तीच तोंडे पाहायची, ज्याच्या होडीतून उद्या बाजाराला जायचे, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? प्रशांत महासागरातील पिटकेर्न या ब्रिटिश बेटावर पन्नासच्या आसपास वस्ती होती. तेथे २००४ साली मुलींवरील अत्याचारांबद्दल सात पुरुषांवर खटला चालला आणि सहा जण दोषी ठरले. आरोप कित्येक वर्षांपूर्वीच्या घटनांचेही होते. चोरीपेक्षा हा गुन्हा कितीतरी भयंकर. पण त्यावरून एक गोष्ट कळते. सगळे एकमेकांना ओळखतात याचा अर्थ सगळे सुरक्षित आहेत असा होत नाही. ओळख जशी राखण करते तशी तोंडही बंद करते. ज्या बेटावर गुन्ह्याची नोंद नाही, तेथे गुन्हा नाही की नोंद नाही, हे विचारलेच पाहिजे.

मग करावे काय? बेटावर सगळीकडे कॅमेरे आणि लोखंडी जाळ्या लावणे हा एक मार्ग आहे, पण तो महाग आहे आणि कॅमेरा "कोणाकडे आलात?" असे विचारीत नाही. त्याहून स्वस्त उपाय आहेत. बंद घराची किल्ली आणि मालकाचा फोन नंबर गावातल्या एका जबाबदार माणसाकडे असावा. आठवड्यातून एकदा तरी खिडक्या उघडाव्यात. मौल्यवान वस्तूंची यादी, छायाचित्रे व पावत्या घराबाहेर जपून ठेवाव्यात. भरपाई मागताना त्याच उपयोगी पडतात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असावेत. आणि लहानशी चोरी झाली तरी तक्रार नोंदवावी, मग संशय कोणावरही असो. एकट्याने जाणे अवघड असेल तर चार जणांनी मिळून जावे.

आपण बेटावर राहत नाही, हे खरे. पण बेळगावच्या नव्या वसाहतींत, जेथे जिन्यावर भेटणाऱ्याचे नाव माहीत नसते, तेथे आपणही हळूहळू राखणदार गमावीत आहोत. कुलूप बाजारात मिळते. गावाला जाताना ज्यांच्याकडे किल्ली निःशंकपणे ठेवता येईल अशा काकू मात्र विकत मिळत नाहीत. त्या असतील तर कुलूप लावूनच जावे, पण काकूंना सांगूनही जावे.