वस्तू, नाव आणि स्थलांतर : मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील नामव्यवहार

वस्तुसंग्रहालय पाहावयास जाणारा मनुष्य तेथे वस्तू पाहावयास जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. प्रवेशद्वारावरील संस्थेच्या नावापासून काचेआडच्या नामपट्टीपर्यंत प्रेक्षकाच्या दृष्टीसमोर वस्तूंबरोबर शब्दही येत असतात. वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध नित्यव्यवहारात इतका सवयीचा असतो, की त्याची जाणीवही होत नाही. वस्तू आपल्या जागेवरून उचलून अन्यत्र ठेवली म्हणजे मात्र तो संबंध उघडा पडतो. वस्तुसंग्रहालय हे अशा उचललेल्या वस्तूंचेच स्थान होय; म्हणून भाषेच्या अभ्यासकास ते विशेष उपयोगी आहे. मुंबईतील दोन जुन्या संग्रहालयांच्या आधारे या संबंधाचे स्वरूप येथे स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम संस्थावाचक शब्दाचाच विचार करावा. ‘म्युझियम’ हा शब्द ग्रीक ‘मूसेइऑन’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ विद्या व कला यांच्या अधिष्ठात्री देवतांचे स्थान असा आहे. मराठीतील ‘वस्तुसंग्रहालय’ हा संस्कृत घटकांचा सामासिक शब्द संग्राहकाची क्रिया सांगतो: वस्तू, त्यांचा संग्रह, त्या संग्रहाचे आलय. लोकभाषेने मात्र तिसरीच वाट धरली. नागपूर येथे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयास तेथील लोक ‘अजब बंगला’ म्हणतात. हिंदीत ‘अजायबघर’ हा शब्द रूढ आहे, तर बंगालीत ‘जादुघर’. या तिन्ही नावांत देवता नाही व संग्राहकही नाही. आहे तो पाहणाऱ्याचा विस्मय. एकाच संस्थेकडे ज्ञानाच्या, संग्रहाच्या आणि विस्मयाच्या अशा तीन बाजूंनी पाहता येते, हे या तीन प्रकारच्या शब्दांवरून दिसून येते.

मुंबईतील संस्थांच्या विशेषनामांचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. भायखळा येथील संग्रहालयाचा आरंभ १८५७ साली कोटातील बराकीत झाला. पुढे लोकवर्गणीच्या साहाय्याने उभारलेली इमारत २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने खुली झाली. या कार्यात पुढाकार घेणारे वैद्य व प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव संस्थेस १९७५ साली देण्यात आले. दुसरे संग्रहालय कोट विभागाच्या दक्षिणेस आहे. वेल्सच्या युवराजांनी, म्हणजे पुढील काळातील पाचव्या जॉर्ज बादशहांनी, १९०५ साली त्याची कोनशिला बसविली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी रचिलेली इमारत १९१४ साली पूर्ण झाली. पण महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी करण्यात आला व संग्रहालय लोकांस खुले होण्यास १९२२ साल उजाडले. १९९८ पासून त्याचे नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ असे आहे.

अधिकृत नाव ठरावाने बदलते. बोलीतील नाव ठरावाने बदलत नाही. भायखळ्याचे संग्रहालय ज्या उद्यानाच्या आवारात आहे, त्याचे आजचे नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे आहे. तथापि मुंबईकराच्या तोंडी ‘राणीचा बाग’ टिकून आहे. या नावातील ‘बाग’ शब्दाचे पुल्लिंगही अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे. मूळ फारसीत नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीने ते आपल्या सोयीने दिले आणि दोन प्रकारे दिले. नाव उच्चारणाऱ्याच्या मनात राणीही नसते आणि लिंगविचारही नसतो. त्यास केवळ स्थळ अभिप्रेत असते.

येथे भारतीय शब्दशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. शब्द कशावरून बनला ते त्याचे व्युत्पत्तिनिमित्त; तो कशाच्या बळावर वापरला जातो ते प्रवृत्तिनिमित्त. ‘गो’ या शब्दाची व्युत्पत्ती गमनार्थक धातूपासून सांगितली जाते. तरी बसलेल्या गाईसही गायच म्हणतात, कारण शब्दाच्या वापरास गमन नव्हे, तर गोत्व कारणीभूत असते. हा भेद प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर राणीच्या बागेच्या आवारासारखे दुसरे ठिकाण नाही. तेथे दोन प्राणी आहेत: एक दगडी हत्ती आणि एक धातूचा घोडा. दोघेही अन्य ठिकाणाहून आलेले आहेत आणि दोघांनीही आपली नावे मूळ ठिकाणीच मागे ठेविली आहेत.

हत्ती घारापुरी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांना उताराच्या जागेजवळ हे प्रचंड शिल्प दिसले व त्यावरून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ असे नाव दिले. १८१४ साली हत्तीचे डोके गळून पडले. १८६४ साली ते शिल्प इंग्लंडास नेण्याचा प्रयत्न झाला. त्या वेळी यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते भायखळ्यास आणण्यात आले व १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. बेटावर हत्ती राहिला नाही; ‘एलिफंटा’ हे नाव मात्र राहिले. मराठी भाषकांचे ‘घारापुरी’ हे नावही त्याच्या शेजारी चालतच आहे. व्युत्पत्तिनिमित्त समुद्र ओलांडून गेले, तरी प्रवृत्तिनिमित्तास बाध आला नाही.

घोड्याची कथा याहून सूक्ष्म आहे. वेल्सचे युवराज, म्हणजे पुढील काळातील सातवे एडवर्ड, १८७५–७६ साली हिंदुस्थानात आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा १८७९ साली कोटात उभारण्यात आला. पुतळा युवराजांचा होता. लोकांनी त्यास ‘काळा घोडा’ म्हटले. स्वाराचे नाव पाटीवर कोरलेले असूनही बोलीने त्यास वगळले आणि वाहनास निवडले. पुढे ते नाव पुतळ्यावरून सभोवतालच्या भागास लागले. १९६५ साली पुतळा हलविण्यात येऊन भायखळ्याच्या या उद्यानात आला. भागाचे नाव ‘काळा घोडा’ असेच राहिले. याच्याही पुढची गोष्ट अशी, की २०१७ साली त्या भागात एक नवा काळा घोडा बसविण्यात आला आणि त्याच्या पाठीवर स्वार नाही. वस्तूवरून नाव पडते, हा सामान्य नियम. येथे नावावरून वस्तू घडली. स्वारास वगळण्याचा लोकभाषेचा निर्णय शिल्पकाराने जवळजवळ दीडशे वर्षांनी धातूत उतरविला, असे म्हणता येईल.

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत वस्तू गेली व नाव राहिले. संग्रहालयाच्या दालनात नेमके उलट घडण्याचा संभव असतो. तेथे वस्तू राहते व नाव जाते. चिंतेची गोष्ट आहे ती हीच.

पायली, अधोली, शेर, चिपटे, कोळवे ही धान्याची मापे घ्या. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि ही मापे व्यवहारातून निघून गेली. त्यांपैकी ‘पायली’ हा शब्द ‘पायलीचे पन्नास’ या वाक्प्रचारात अद्याप जिवंत आहे. पायली न पाहिलेलाही तो वापरतो. ‘अधोली’स असा आश्रय क्वचितच लाभला. अशी मापे काचेच्या पेटीत ओळीने मांडून त्यांखाली ‘धान्यमापे, पितळ’ एवढेच लिहिले, तर ते लेखन असत्य ठरत नाही. परंतु पाच वस्तूंची पाच नावे जाऊन त्या जागी एक वर्गनाम येते. वर्गनाम अनोळखी माणसास वस्तूचा प्रकार सांगते. वापरणारा तिला काय म्हणत होता ते सांगत नाही. वस्तू वाचते, पण तिच्याबरोबर घराघरांतून चालत आलेले नाव त्या पेटीच्या बाहेरच राहते.

ज्या शब्दांत इतिहासाचे थर साचलेले आहेत, त्यांच्या बाबतीत ही हानी अधिक होते. विटेट यांनी नाशिक येथील एका वाड्यातील लाकडी कमानींचे काम आपल्या इमारतीच्या अंतर्भागात बसविले आहे. ‘लाकडी कमान’ म्हटल्याने वस्तूचा बोध होतो. पण वाड्यांच्या परिभाषेत अशा नक्षीदार कमानीस ‘महिरप’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘मिहराब’ म्हणजे मशिदीतील किब्लादर्शक कोनाडा यावरून आलेला आहे. मराठीत तो वाड्याच्या दिवाणखान्यात आला, देवाच्या मखरास लागला आणि अखेरीस लेखनातील ‘महिरपी कंसा’त जाऊन बसला. शेजारच्या ‘सुरूदार’ खांबातील ‘सुरू’ हा फारसीतील सरूचा वृक्ष होय. सुताराच्या तोंडचे हे शब्द नामपट्टीवर असले, तर त्या लाकडात दोन संस्कृतींचा सहवास वाचता येतो. ते नसले, तर फक्त नक्षी दिसते.

यावरून अभ्यासकाचे कर्तव्य निश्चित होते. संग्रहालयास भेट देताना प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूविषयी तीन प्रश्न वहीत नोंदवावे: नामपट्टी तिला काय म्हणते, वापरणारे तिला काय म्हणत होते, आणि ज्या ठिकाणाहून ती आली तेथे तिचे नाव अद्याप उरले आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दालनात मिळते. दुसऱ्यासाठी सुतार, तांबट, कोष्टी आणि घरातील वृद्ध स्त्रिया यांच्याकडे जावे लागते. शक्य असल्यास त्यांना दालनातच बरोबर आणावे, कारण वस्तू समोर दिसताच विसरलेला शब्द ओठांवर येतो, हा क्षेत्रकार्यातील नित्याचा अनुभव आहे. तिसऱ्यासाठी मूळ गावी जाण्यास पर्याय नाही.

काचेआडची वस्तू आणखी शंभर वर्षे थांबू शकते. तिचे नाव जाणणारी माणसे तितकी थांबणार नाहीत. म्हणून या तीन प्रश्नांपैकी दुसरा प्रथम विचारणे इष्ट.