शेक, वेग आणि प्रश्नावलीची भाषा

ज्वराचा अंक तापमापक सांगतो, रक्तातील शर्करेचा अंक प्रयोगशाळा सांगते. रुग्ण मराठी बोलतो की जपानी, ह्याने त्या अंकांत फरक पडत नाही. काही विकार मात्र असे आहेत की, ज्यांचे मोजमाप रुग्णाच्या तोंडच्या शब्दांखेरीज होऊच शकत नाही. मूत्राशयाची अतिक्रियता हा त्यांपैकी एक होय. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ साली केलेल्या व्याख्येप्रमाणे, एकाएकी उद्भवणारा व आवरून धरण्यास कठीण असा मूत्रवेग हे ह्या विकाराचे मुख्य लक्षण. बहुधा त्याच्या जोडीला दिवसा वारंवार आणि रात्री झोपेतून उठून लघवीस जावे लागते. कित्येकांना तेथवर पोहोचण्याचाही अवधी मिळत नाही. ह्यापायी प्रवास, लग्नकार्ये, देवदर्शन सोडून घरी बसलेल्या स्त्रिया आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतात. कारण मात्र त्या सांगत नाहीत.

अशा रुग्णांना ओटीपोटावर शेक देऊन बरे वाटते काय, ह्याची परीक्षा अलीकडे पूर्व आशियात होऊ लागली आहे. तेथील परंपरेत नागदवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वाळवून कुटलेली लव जाळून तिची ऊब शरीरातील ठराविक बिंदूंना देतात. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा ह्याच प्रजातीतला. जपानीत ह्या लवेस ‘मोगुसा’ म्हणतात व युरोपीय भाषांतील ‘मोक्सा’ हा शब्द त्यावरूनच आला. चिनी भाषेत ह्या चिकित्सेचे नाव ‘चन-च्यू’, म्हणजे ‘सुई आणि दाह’, असे जोडनाव आहे. पाश्चात्त्यांनी भाषांतर केले ते पहिल्या पदाचे. दुसरे पद भाषांतरात गळले आणि सुईच्या मानाने शेकाची परीक्षा मागे पडली. ह्या दोन गोष्टींचा संबंध असावा असे मला वाटते, पण ते असो.

आपल्याकडेही शेक आहेच. चरकाच्या सूत्रस्थानात अग्निस्वेदाचे १३ प्रकार सांगितले असून, कोमट द्रवात बसविण्याचा अवगाहस्वेद त्यांत येतो. परंतु मूत्रवेगाच्या संदर्भात चरक स्वेदन व अवगाह सांगतो ते वेग अडविल्याने मूत्र अडले असता. वेग अडवता न येणे ही तक्रार त्याच्या उलट आहे. ‘मूत्रविकारांवर शेक’ ह्या सैल शब्दयोजनेखाली दोन्ही एकत्र घालून प्राचीनांचा आधार दाखविणे बरोबर नव्हे.

शेकाची परीक्षा करणे कठीण आहे. गोळीची नक्कल साखरेच्या गोळीने होते. उबेची नक्कल कशाने करावी? लव जळते, धूर निघतो, वास येतो, पण तळाशी उष्णतारोधक थर असल्याने ऊब त्वचेपर्यंत पोहोचत नाही, अशी आभासी साधने संशोधकांनी बनविली आहेत. तरीही आपणांस ऊब लागली की नाही, हे रुग्णास समजतेच. शिवाय घामावाटे पाणी गेले की मूत्र कमी होते. म्हणजे ज्या परीक्षेचा आरंभ थंडीत आणि शेवट उन्हाळ्यात, तिच्यात ऋतूचे यश शेकाच्या नावावर जमा होण्याचा संभव आहे. दोन गट एकाच वेळी ठेवून कोण कोणत्या गटात जाणार हे सोडतीने ठरविले म्हणजे हा दोष टळतो. भाषेचा दोष मात्र सोडतीने टळत नाही.

२००६ साली जपानात सिद्ध झालेली चार प्रश्नांची एक गुणपद्धती ह्या विकारासाठी बरीच वापरली जाते. दिवसाच्या खेपांना २, रात्रीच्या खेपांना ३, अनावर वेगास ५ व त्या वेगाने होणाऱ्या गळतीस ५, असे एकूण १५ गुण. ह्यांपैकी १० गुण एकाच संवेदनेवर उभे आहेत, हे लक्षात घ्यावे. उपचारानंतर गुण ३ ने उतरले तर रुग्णास खरा फरक जाणवतो, असे पुढील संशोधनात मानले गेले. ह्याचा अर्थ असा की, त्या एका संवेदनेचे नाव चुकले तर उपचाराच्या गुणापेक्षा शब्दाचा अवगुण मोठा ठरू शकतो.

प्रस्तुत लेखकाकडे एक वैद्यकीय स्नेही अशाच एका प्रश्नावलीचा मराठी खर्डा घेऊन आले होते. त्यात ‘तुम्हांला लघवीची घाई होते का?’ असा प्रश्न होता. तो मी घरी मावशीला वाचून दाखविला. ती म्हणाली, “मला कसली रे घाई? दिवसभर घरातच तर असते.” थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “लागली की धरवत मात्र नाही.” खर्ड्याप्रमाणे तिचे गुण शून्य झाले असते व तिला परीक्षेतून वगळले असते, कारण निदानासाठी त्या प्रश्नात किमान २ गुण लागतात. उलट बस चुकेल म्हणून लगबगीने जाऊन येणारी निरोगी बाई ‘हो’ म्हणाली असती.

‘घाई’ मराठीत माणूस करतो किंवा त्याला कामाची असते. तिच्यात बाहेरच्या काळाचा दाब आहे. येथे अभिप्रेत असलेला दाब आतला. त्यासाठी मराठीपाशी दोन पायऱ्यांची रचना तयार आहे. ‘मला लघवी लागली’ ही भूक-तहानेच्या जातीची स्वाभाविक संवेदना; आणि ‘मला धरवत नाही’ हे आपल्या व्याकरणांतील शक्य क्रियापद, ज्यात कर्त्याची इच्छा असूनही सामर्थ्य नसते. जपानी प्रश्नानेही नाम टाळून वाक्यच योजले आहे: एकाएकी जावेसे वाटून आवरणे कठीण होते काय, अशा आशयाचे. तेव्हा ‘लघवी एकाएकी लागते आणि मग धरवत नाही, असे किती वेळा होते?’ असे विचारावे, अशी मी सूचना केली. ‘बाथरूमला किती वेळा जाता?’ हा प्रश्नही काढावा लागला, कारण मावशीने त्यात आंघोळही धरली होती.

गैरसमज दोन्ही गटांत सारखेच वाटले जातील, मग बिघडले काय, असे संख्याशास्त्री विचारील. सारखे वाटले गेले तरी त्यांच्या गलबल्यात खरा गुण बुडतो आणि उपयुक्त शेक निरुपयोगी ठरतो. आणि वाटप सारखे होईलच असेही नाही. प्रश्न न समजलेल्या रुग्णास परिचारिका तो आपल्या शब्दांत समजावते. शेक कोणास मिळाला हे तिला ठाऊक असेल, तर तिच्या नकळत तिचे शब्द बदलतात.

शेकाच्या बाजूलाही शब्दांची निवड आहे. ‘शेक’, ‘चटका’ आणि ‘डाग’ ह्या मराठीतील तीन चढत्या पायऱ्या होत. पूर्व आशियाई पद्धतीतही कातडीपासून अंतरावर धरलेली कांडी, आल्याच्या चकतीवर वा बेंबीत भरलेल्या मिठावर जाळलेली लव आणि थेट कातडीवर जाळून व्रण उठविणारी लव असे भेद आहेत. संमतिपत्रात सर्वांना ‘उष्णता-चिकित्सा’ म्हटले की, भाजण्याचा धोका त्या शब्दाआड जातो. हा धोका काल्पनिक नाही. वारंवार लघवी हे मधुमेहाचेही लक्षण आहे, आणि जुन्या मधुमेह्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंदावलेली असते. शेकासाठी योजिल्या जाणाऱ्या बिंदूंपैकी एक घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूस आहे. अशा रुग्णाने ‘चटका बसत नाही’ असे सांगितले, तर परीक्षकाने ते उत्तर सुरक्षिततेचे म्हणून लिहून घेऊ नये.