साक्षीदार दोन की एक?

माझी उभी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर कुराणाचा अनुवाद वाचायला घेतला तेव्हा दुसऱ्या अध्यायातल्या २८२व्या आयतीपाशी थबकलो. कुराणातली ही सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय कर्जव्यवहार! मुदतीचे कर्ज असेल तर लिहून ठेवा, मजकूर ऋणकोने सांगावा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. आमच्या शाखेत तरी याहून वेगळे काय शिकवत होते?

पण पुढे खटकणारा भाग येतो. साक्षीला दोन पुरुष घ्यावेत. ते नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया, म्हणजे एकीची चूक झाल्यास दुसरी तिला आठवण देईल.

अनेक जुन्या भाष्यकारांनी यातून स्त्रीचा स्वभावच ठरवून टाकला: तिची स्मृती दुबळी, म्हणून साक्ष अर्धी. आधुनिक अभ्यासक फझलुर रहमान यांचे म्हणणे वेगळे. त्या काळच्या स्त्रियांना आर्थिक व्यवहारांचा सराव नव्हता. परिस्थिती बदलली की नियमही बदलावा. अमीना वदूद दाखवतात की आयतीत साक्ष एकीचीच आहे, दुसरी केवळ आठवण देणारी आहे. परंपरावादी उत्तर देतात, ईश्वराच्या शब्दाला काळाची मुदत घालणारे आपण कोण?

प्रश्न रास्त आहे; पण उत्तरही कुराणातच सापडते. चोविसाव्या अध्यायात पतीने पत्नीवर व्यभिचाराचा आरोप केला आणि दुसरा साक्षीदार नसला, तर पतीच्या शपथांइतकेच वजन पत्नीच्या शपथांना दिले आहे. हजरत आयेशांच्या नावावर तर दोन हजारांवर हदीस आहेत. त्या स्वीकारताना ‘बरोबर दुसरी बाई आणा’ अशी अट कोणी घातली नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. पाकिस्तानात साक्षीच्या कायद्याचा असा मसुदा आला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. तरीही १९८४च्या कायद्यात लेखी आर्थिक व्यवहारांपुरती ती तरतूद राहिलीच.

हे वाचून आपण शहाणे, असे मला वाटू लागले होते. मग एक जुना प्रसंग आठवला. एका तालुक्याच्या शाखेत एक मुस्लिम शिक्षिका भावाच्या कर्जाला जामीन राहायला आल्या. नोकरी कायम, कागद चोख. मी म्हणालो, “बाई, मिस्टरांचीही सही आणा.” त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, नियम दाखवा.”

मी नियमांचे पुस्तक चाळले. नियम नव्हता. त्यांची एकट्यांची सही मी घेतली. पण दुसरी मागताना मी काही कुराण वाचलेले नव्हते.

रिवाज कधी नियम होऊन बसतो, ते कागद तपासणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून मूळ कागद पुन्हा काढून वाचावा लागतो. आणि तो वाचण्याचा पहिला हक्क, जिची साक्ष अर्धी ठरवली गेली, तिचा आहे.