लॅपटॉप घेताय? आधी रेडिओला विचारा!

नवा लॅपटॉप घेताना आपण काय बघतो? रॅम, बॅटरी, वजन आणि अर्थातच लूक! पण माझ्यासारखं तुम्हालाही हॅम रेडिओचं वेड लागलं असेल, तर पहिला प्रश्न वेगळाच. विंडोज, मॅक की लिनक्स? साठ-सत्तर हजार मोजून आणलेल्या मशीनवर हवं ते सॉफ्टवेअर चाललंच नाही, तर सगळा प्लॅन बोंबलला म्हणून समजा.

रेडिओला लॅपटॉप कशाला? तर एफटी८साठी. नोबेलविजेते जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये आणलेला हा डिजिटल मोड. कानाला ऐकूही येणार नाही असा सिग्नल लॅपटॉप उलगडून दाखवतो. त्यासाठीचं डब्ल्यूएसजेटी-एक्स फुकट आहे आणि तिन्ही सिस्टीम्सवर चालतं. फक्त १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असल्यामुळे लॅपटॉपचं घड्याळ अगदी बिनचूक हवं.

विंडोज : सॉफ्टवेअरची चंगळ इथेच. स्पर्धांसाठीचं एन१एमएम आणि हॅम रेडिओ डिलक्स विंडोजवरच चालतात. मात्र विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सेकंडहॅण्ड घेणार असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का, हे आधी बघा.

मॅक : दिसायला झकास आणि मॅकलॉगरडीएक्ससारखं देखणं लॉगिंग सॉफ्टवेअरही आहे. पण एम सिरीजच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. विंडोजची सॉफ्टवेअर्स हवी असतील तर व्हर्च्युअल मशीनचा खटाटोप आला.

लिनक्स : फुकट, आणि जुना लॅपटॉपही टुणटुणीत. एफएलडिजी, डब्ल्यूएसजेटी-एक्स डेबियनमध्ये तयार मिळतात. तुमचं यूजर अकाउंट तेवढं 'डायलआउट' ग्रुपमध्ये टाका, नाहीतर रेडिओ जोडूनही लॅपटॉप ढिम्म!

आणि हो, केबल विसरू नका. तिच्यातल्या यूएसबी-सीरियल चिपचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टीमसाठी आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

माझं मत? स्पर्धांचा नाद असेल तर विंडोज ११, बजेट टाइट असेल तर लिनक्स. मॅक आधीच घरात असेल तर एफटी८साठी तो मस्त चालेल.

हा नुसता टाइमपास नाही बरं का! डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानात संपर्क तुटला, तेव्हा तिथे असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम साथीदारांनी रेडिओवरून निरोप पोचवले होते. म्हणून परीक्षा देऊन सरकारी परवाना काढा आणि अपडेट्स आदल्या रात्रीच उरकून ठेवा. ऐन वेळी रीस्टार्ट होत बसणारा लॅपटॉप काय कामाचा?