विश्लेषण : सुआरेझचा ‘तो’ हात… रडीचा डाव की हिशेबी डावपेच?

चेंडू गोलरेषेवर हाताने अडवून लुइस सुआरेझने २०१०मध्ये घानाचा विश्वचषक उपान्त्य फेरीतील प्रवेश रोखला. पंचांनी नियमानुसार सगळी शिक्षा दिली, तरीही घानातील संताप शमलेला नाही. फुटबॉलमध्ये फसवणूक नेमकी कशाला म्हणायचे, या वादात म्हणूनच हे उदाहरण पुन्हा पुन्हा निघते.

त्या रात्री नेमके काय घडले?

२ जुलै २०१०, जोहान्सबर्गचे ‘सॉकर सिटी’ मैदान. आफ्रिका खंडात होत असलेला पहिलाच विश्वचषक आणि घाना हा स्पर्धेत उरलेला एकमेव आफ्रिकी संघ. तोवर एकही आफ्रिकी संघ उपान्त्य फेरीत पोहोचलेला नव्हता. सुली मुन्तारीच्या गोलला दिएगो फोर्लानने उत्तर दिल्याने उरुग्वेविरुद्धची ही लढत १-१ अशी अडली होती. अतिरिक्त वेळेचेही शेवटचे क्षण उरले असताना उरुग्वेच्या गोलसमोर झुंबड उडाली. पहिला फटका सुआरेझने पायाने अडवला. दुसऱ्यांदा डॉमिनिक अदियियाने हेडर मारला, तेव्हा गोलरक्षक जागेवर नव्हता. गोलरेषेवर उभ्या सुआरेझने दोन्ही हातांनी चेंडू बाहेर ढकलला.

त्याला लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी. याच स्पर्धेत दोन पेनल्टी सत्कारणी लावलेल्या असामोह ग्यानचा फटका गोलच्या आडव्या खांबाला लागून वर गेला. रडत बाहेर पडणारा सुआरेझ ते पाहून नाचू लागला आणि घानाच्या मनात बहुधा हातापेक्षा ते नाचणेच जास्त रुतले. पेनल्टी शूटआउट उरुग्वेने ४-२ असे जिंकले.

नियम मोडला, पण फसवणूक केली का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. १९८६मध्ये दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो पंचांना दिसला नाही म्हणून टिकला. २००९मध्ये पॅरिसमध्ये थिएरी आन्रीने हाताने चेंडू थोपवून विल्यम गालासला गोल करू दिला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. तेही पंचांच्या नजरेतून सुटले. २००२मध्ये तुर्कस्तानविरुद्ध चेंडू पायाला लागलेला असताना ब्राझीलचा रिव्हाल्डो चेहरा धरून कोसळला आणि प्रतिस्पर्ध्याला मैदान सोडावे लागले. या साऱ्यांत पंचाला चकवणे हाच गाभा आहे.

सुआरेझने मात्र काहीच लपवले नाही. गोल तर होणारच होता. हात लावला तर आपण बाहेर जाऊ, पण पेनल्टी हुकण्याची थोडी शक्यता उरेल. हा विचार त्याने त्या क्षणी केला असेल वा नसेल, हिशेब मात्र अचूक होता. पेनल्टी साधारण चारपैकी तीन वेळा गोलमध्ये जाते. हात न लावता गोल शंभर टक्के. आपल्याकडे मुले ‘चीटिंग’ म्हणून ओरडतात, ते सहसा पहिल्या प्रकाराला. दुसऱ्याला काय म्हणावे, यावर कट्ट्यावरही एकमत होणे कठीण.

मग दोष नियमाचा का?

बऱ्याच अंशी, होय. बास्केटबॉलमध्ये खाली येत बास्केटकडे निघालेला फेकीचा चेंडू बचावपटूने अडवला, तर गुण थेट दिले जातात. रग्बीत नियमभंग करून जवळपास निश्चित ‘ट्राय’ रोखला तर ‘पेनल्टी ट्राय’ बहाल होतो. फुटबॉलच्या पंचाला असा गोल देण्याचा अधिकारच नाही. हिरावलेल्या गोलच्या बदल्यात तो फक्त गोलची संधी देऊ शकतो. सुआरेझला एका सामन्याची बंदीही झाली. तो नेदरलँड्सविरुद्धचा उपान्त्य सामना खेळला नाही आणि उरुग्वे २-३ असा हरला. पण त्याचा घानाला काय उपयोग?

२०२४पासून पेनल्टीस पात्र ठरलेल्या, पण हेतुपुरस्सर नसलेल्या ‘हँडबॉल’साठी लाल कार्डाऐवजी पिवळे कार्ड दाखवले जाते. जाणूनबुजून हाताने गोल अडवणाऱ्याला लाल कार्ड कायम आहे. पेनल्टी गोल ही कल्पना मात्र फुटबॉलने स्वीकारलेली नाही.

मायदेशी नायक, परदेशी खलनायक?

सुआरेझला सहकाऱ्यांनी त्या रात्री खांद्यावर घेतले. रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर, म्हणजे उरुग्वे आणि अर्जेंटिनात, अंगभूत चलाखीला ‘विवेझा क्रिओया’ म्हणतात आणि त्यात निंदेइतकेच कौतुकही असते. युरोपात पडण्याचे नाटक करणाऱ्याला नावे ठेवतात. पण जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा शर्ट मधल्या मैदानात ओढून पिवळे कार्ड घेणाऱ्या बचावपटूला तेच प्रेक्षक ‘अनुभवी’ म्हणतात. भारतीय वाचकाला हे अनोळखी नाही. १९४७मध्ये विनू मांकड यांनी सिडनीत बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केले. नियमात बसणाऱ्या त्या कृतीला मांकड यांचे नाव चिकटले ते टोमण्यासारखे. २०२२मध्ये दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर शार्लट डीनला तसेच बाद केले, तेव्हाही वाद देशांच्या सीमेवरच विभागला गेला.

वेळकाढूपणाचे काय?

तो सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी शिक्षा होणारा प्रकार. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून अधिक हातात ठेवू नये, हा नियम जवळपास कागदावरच होता, कारण गोलसमोर अप्रत्यक्ष फ्री-किक देण्याची शिक्षा पंचांनाच जड वाटे. २०२५पासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आणि शिक्षा कॉर्नरची. शिक्षा हलकी केली की ती दिली जाते, एवढे साधे गणित त्यामागे आहे.

घानाने हिशेब चुकता केला का?

२ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये दोन्ही संघ पुन्हा भिडले. आदल्या दिवशी सुआरेझने माफी मागण्यास नकार दिला. पेनल्टी आपण हुकवलेली नाही, असा त्याचा युक्तिवाद. सामन्यात आंद्रे आयेवची पेनल्टी उरुग्वेच्या गोलरक्षकाने अडवली आणि उरुग्वे २-० असा जिंकला. मात्र दुसऱ्या सामन्यात दक्षिण कोरियाने पोर्तुगालला २-१ हरवल्याने उरुग्वेला आणखी एक गोल हवा होता. तो झाला नाही. घाना स्पर्धेबाहेर गेलेच होते, तरी त्यांचे पाठीराखे जल्लोष करत होते. बदली झाल्याने राखीव बाकावर बसलेला सुआरेझ शर्टात तोंड लपवून रडत होता.