जुन्या मोटारीतील तेलगळती : डाग खाली, उगम वर

भारतातील मध्यमवर्गाला मोटारीचे सुख मिळवून देणाऱ्या मारुती ८०० या मोटारीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज रस्त्यावर दिसणारी या जातीची प्रत्येक मोटार दहा वर्षांहून अधिक जुनी आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन सुस्थितीत असल्याची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नेमक्या याच वयात मोटारीखालच्या जमिनीवर काळसर डाग दिसू लागतात. ‘इंजिन उघडावे लागेल’ असा सल्ला ऐकून अनेक मालक मोटार विकण्याच्या निर्णयाला येतात.

प्रत्यक्षात बहुतेक गळतींचे कारण उष्णतेने कडक झालेले रबर किंवा दबून गेलेले पॅकिंग एवढेच असते. खर्च वाढतो तो वेगळ्याच कारणाने. जिथे डाग दिसतो तिथूनच तेल येते असे गृहीत धरले जाते आणि चुकीचा भाग बदलला जातो.

दुर्लक्ष का नको

मारुती ८०० सारख्या लहान इंजिनात साधारण तीन लिटर तेल असते. त्यातील एक लिटर गळून गेले, तरी इंजिनाचे सुमारे एक तृतीयांश वंगण नाहीसे होते. डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही. तो दाब कमी झाल्याचे सांगतो. पंपाला तेल अपुरे पडू लागल्यावरच तो लागतो. म्हणून चालत्या मोटारीत हा दिवा लागल्यास वाहन सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते. आणखी थोडे अंतर जाण्याच्या मोहात बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतात.

तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल ठिबकल्यास धूर येतो आणि आगीचाही धोका असतो. टायमिंग बेल्टवर तेल पडल्यास त्याचे रबर खराब होते, तर क्लच प्लेटपर्यंत तेल पोचल्यास क्लच घसरू लागतो.

गळती कशाची आहे

मोटारीखालचा प्रत्येक ओलावा इंजिन तेलाचा नसतो. त्यासाठी रात्री मोटारीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रे पसरावीत आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात. सकाळी डागाची जागा व रंग दोन्ही कळतात. तपकिरी किंवा काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग बहुधा इंजिन तेलाचा असतो. गिअरचे तेल अधिक दाट असून त्याला उग्र वास येतो. कूलंट हिरवट किंवा अन्य भडक रंगाचे व गोडसर वासाचे असते. चाकाजवळचा पातळ, पिवळसर डाग ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशा वेळी मोटार चालवू नये. वातानुकूलन यंत्रातून पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिकने पातळी पाहून ठराविक अंतरानंतर पुन्हा नोंद केल्यास तेल किती कमी होते हे समजते. पातळी घटते, पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर तेल गळत नसून जळत आहे. तो दोष पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा असतो आणि त्याची दुरुस्ती वेगळी असते.

आधी सफाई, मग शोध

तेलाने माखलेल्या इंजिनात उगम सापडत नाही. त्यामुळे पहिले काम सफाईचे. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची तार काढावी, वीजजोडण्या प्लास्टिकने झाकाव्यात आणि डिग्रीझर किंवा थोड्या रॉकेलने ब्रशच्या साहाय्याने मळ काढावा. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. इंजिन पुसून पूर्ण वाळल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवावे, नंतर बंद करून विजेरी आणि लहान आरशाच्या मदतीने पाहणी करावी.

तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि चालत्या मोटारीत वाऱ्याच्या झोताने मागे सरकते. म्हणून ओलाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा हाच बहुधा उगम असतो. संशयित भागावर टाल्कम पावडर भुरभुरल्यास ताज्या तेलाची रेघ स्पष्ट उमटते. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास काही कार्यशाळांमध्ये तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली गळती शोधली जाते.

नेहमीच्या जागा

तपासणी वरून खाली करावी. सर्वांत वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग असते. जुन्या मोटारीत पहिला संशय त्याचाच घ्यावा. त्यानंतर ऑइल प्रेशर स्विच, तेलाचा फिल्टर, कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टची पुढची सील, चेंबरचे पॅकिंग आणि शेवटी तेल काढण्याचा बोल्ट हा क्रम सोयीचा ठरतो. फिल्टर नुकताच बदलला असेल, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्यास तेल झपाट्याने बाहेर पडते.

कार्ब्युरेटर असलेल्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला असतो. त्याची ओ-रिंग किंवा पॅकिंग खराब झाल्यास तेल खाली ओघळून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर जमते. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून आल्यासारखे वाटते. मागची सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंग मात्र वरूनच बदलता येते. वरची बाजू कोरडी असल्याची खात्री झाल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवण्यास संमती देऊ नये.

मूळ कारण दाबाचे असू शकते

पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर काढण्यासाठी ब्रीदर नळी असते. ही नळी काजळीने तुंबल्यास आतील दाब वाढतो आणि तेल प्रत्येक कमकुवत सांध्यातून बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळती सुरू झाली, किंवा नवी सील महिन्याभरात पुन्हा गळू लागली, तर प्रथम ही नळी तपासावी. नळी स्वच्छ करूनही, सुरू इंजिनात तेल भरण्याच्या तोंडावर धरलेला कागद जोराने वर उडत राहिला, तर रिंगा झिजल्याची शक्यता असते. अशा वेळी सिलिंडरमधील दाब मोजून घेणे इष्ट ठरते.

दुरुस्ती करताना

पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभागांवरील जुने अवशेष पूर्ण काढणे महत्त्वाचे आहे. पत्र्याचे कव्हर किंवा चेंबर अतिघट्ट आवळल्याने वाकते आणि गळती वाढते. त्यामुळे बोल्ट थोडेथोडे, समोरासमोरच्या क्रमाने आणि उत्पादकाने दिलेल्या मापानुसारच आवळावेत. सिलिकॉनचा लेप जाड दिल्यास त्याचे तुकडे आत पडून तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतात. तेल काढण्याच्या बोल्टचा वॉशर दर वेळी नवा असावा. मागची सील खरोखरच बदलावी लागली, तर क्लच प्लेटही त्याच वेळी तपासून घ्यावी. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँडचा आधार द्यावा.

गळती थांबवण्यासाठी बाजारात मिळणारी द्रव्ये रबर फुगवून काही काळ उपयोगी पडतात, परंतु फाटलेले पॅकिंग त्यामुळे जुळत नाही. शिफारशीपेक्षा दाट तेल घालणे हाही उपाय नव्हे. थंड इंजिन सुरू होताना असे तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते.

सांध्यावर नुसता ओलसरपणा असेल, थेंब पडत नसेल आणि डिपस्टिकवरील पातळी टिकून असेल, तर घाईने मोठी दुरुस्ती करण्याचे कारण नाही. दर आठवड्याला पातळी पाहणे पुरेसे होते. दुरुस्तीत निघालेले जुने तेल गटारात किंवा मातीत टाकू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, त्यामुळे ते अधिकृत संकलकाकडे जाईल याची खात्री कार्यशाळेकडून करून घ्यावी. मोटार ठेवावी की विकावी, हा निर्णय उगम सापडल्यावरच घेणे शहाणपणाचे. अनेकदा तो उगम म्हणजे रबराची एक लहानशी रिंग असते.